इथर्स-जेएस वापरून स्मार्ट कॉन्ट्रॅक्टशी बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही काळात वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथर्स-जेएस ही जावास्क्रिप्टमधून इथेरियमच्या ब्लॉकचेनशी (पुढे नुसतं ‘साखळी’) बोलायची लायब्ररी, आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे त्या साखळीवर ठेवलेला प्रोग्राम. उत्तरं इथर्सच्या सहाव्या आवृत्तीला धरून आहेत. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. जिथे दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत मिसळतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इथर्स नक्की काय करतं? माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या आत चालतं का?

नाही. कॉन्ट्रॅक्ट चालतं इथेरियमच्या नोडवर, म्हणजे साखळी चालवणाऱ्या संगणकावर, ईव्हीएम नावाच्या आभासी यंत्रामध्ये. इथर्स तुमच्या जावास्क्रिप्टमधल्या हाकेचे बाइट्स बनवतं, ते नोडकडे पाठवतं आणि नोडकडून आलेले बाइट्स पुन्हा वाचता येतील अशा रूपात देतं. लागली तर सहीसुद्धा करतं.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. तुम्हाला कुणाला तरी २५ यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) पाठवायचे आहेत आणि तुम्ही टोकनचं ‘ट्रान्सफर’ फंक्शन बोलावलंत. इथर्स फंक्शनचं नाव आणि त्याच्या पॅरामीटर्सचे प्रकार एकत्र लिहून त्या मजकुराचा केचॅक हॅश (ठरावीक लांबीचा ठसा) काढतं आणि त्यातले पहिले ४ बाइट्स घेतं. त्यापुढे घेणाऱ्याचा पत्ता ३२ बाइट्समध्ये आणि रक्कम आणखी ३२ बाइट्समध्ये बसवतं. सगळे मिळून ६८ बाइट्स, आणि कॉन्ट्रॅक्टपर्यंत एवढेच पोचतात. तुम्ही दिलेला पत्ता, एबीआय (कॉन्ट्रॅक्टमधल्या फंक्शन्सची यादी) किंवा नेटवर्क बरोबर आहे का, हे इथर्सला कळायला मार्ग नसतो. या पानावरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

२. सुरुवात करायला हाताशी काय काय असावं?

कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, त्याचा एबीआय, आणि ते ज्या नेटवर्कवर आहे त्या नेटवर्कचा आरपीसी दुवा, म्हणजे नोडकडे विनंत्या पाठवायचा पत्ता. काही लिहायचं असेल, म्हणजे साखळीवरची स्थिती बदलायची असेल, तर सही करणारं खातं आणि त्यात गॅसपुरते, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कापुरते, पैसेही लागतात. पत्ता, एबीआय आणि नेटवर्क यांतली एक गोष्ट जरी दुसरीकडची असेल तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. प्रोव्हायडर, सायनर आणि कॉन्ट्रॅक्ट यांत माझा कायम गोंधळ होतो.

प्रोव्हायडर म्हणजे नोडशी जोडणी. त्याच्याकडे प्रायव्हेट की (सहीची गुप्त किल्ली) नसते, त्यामुळे तो फक्त वाचू शकतो. सायनरकडे सहीचा अधिकार असतो. कॉन्ट्रॅक्ट ऑब्जेक्ट हा पत्ता आणि एबीआय धरून बसलेला जावास्क्रिप्टचा मुखवटा. त्याला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून प्रोव्हायडर दिलात तर तो वाचेल, सायनर दिलात तर लिहीलही. ‘कॉन्ट्रॅक्ट रनर डझ नॉट सपोर्ट सेंडिंग ट्रान्झॅक्शन्स’ असा एरर आला की समजा, सायनरच्या जागी प्रोव्हायडर गेला आहे.

ब्राउझरमध्ये सायनर मिळवण्यासाठी ‘ब्राउझरप्रोव्हायडर’ बनवून त्यावर ‘गेटसायनर’ बोलवा. सहाव्या आवृत्तीत हे फंक्शन असिंक्रोनस आहे. त्याच्याआधी ‘अवेट’ लिहायचं राहिलं की हातात सायनरऐवजी प्रॉमिस येतं आणि पुढचे सगळे एरर भलतीकडे बोट दाखवतात.

४. ट्यूटोरियलमधला कोड जसाच्या तसा उतरवला, तरी चालत नाही. असं का?

बहुतेक वेळा तो कोड पाचव्या आवृत्तीचा असतो. सहावी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिने बरीच नावं बदलली. ‘वेब३प्रोव्हायडर’चा ‘ब्राउझरप्रोव्हायडर’ झाला. ‘युटिल्स’ ही वेगळी खोली गेली, त्यातली फंक्शन्स थेट वर आली. ‘बिगनंबर’ गेला आणि त्याच्या जागी जावास्क्रिप्टचा स्वतःचा ‘बिगइंट’ आला. ‘कॉलस्टॅटिक’ आधी लिहायची पद्धत जाऊन फंक्शनच्या नावापुढे ‘स्टॅटिककॉल’ लिहायची पद्धत आली. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आता ‘ॲड्रेस’मध्ये नसून ‘टार्गेट’मध्ये असतो. म्हणून आधी पॅकेज फाइल उघडा आणि आवृत्तीचा पहिला आकडा बघा.

दुसरं कारण बंद पडलेली चाचणी नेटवर्क्स. रॉप्स्टन, रिंकबी आणि गोर्ली आता इतिहासजमा झाली आहेत. पॉलिगॉन या इथेरियमशी जोडलेल्या नेटवर्कच्या चाचणी नेटवर्कचं नाव ‘मुंबई’ होतं, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी कार्यशाळांच्या नोट्समध्ये अजून तेच सापडतं. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं आणि त्याची जागा ‘अमॉय’ने घेतली, मुंबईचा चेन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) ८०००१ होता, अमॉयचा ८०००२ आहे. इथेरियमसाठी सध्या सेपोलिया वापरा, तिचा चेन आयडी १११५५१११. पॉलिगॉनवर गॅससाठी लागणाऱ्या मॅटिकचंही सप्टेंबर २०२४ पासून पोल झालं आहे, तेव्हा जुन्या नोट्समधलं ‘मॅटिक’ वाचून अडू नका.

५. इथर्स शिकू, की वेब३-जेएस किंवा व्हीएम (viem) या तशाच लायब्ररी?

वेब३-जेएस नव्याने शिकू नका. तिची देखभाल मार्च २०२५ मध्ये थांबली. टाइपस्क्रिप्टवर हात बसलेला असेल आणि रिॲक्टमध्ये काम असेल तर व्हीएम उत्तम आहे, टाइप्सची मदत तिथे जास्त मिळते. सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट, हार्डहॅट या कॉन्ट्रॅक्ट बनवायच्या साधनातल्या चाचण्या आणि पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी मला इथर्सच बरं वाटतं, कारण त्यात कमी ओळींत गोष्ट समजते. एक नीट आलं की दुसरं शिकायला फार वेळ लागत नाही.

६. एबीआय कुठून आणायचा?

कॉन्ट्रॅक्ट तुमचंच असेल तर हार्डहॅटच्या ‘आर्टिफॅक्ट्स’ किंवा फाउंड्री या तशाच साधनाच्या ‘आउट’ फोल्डरमध्ये तो तयार असतो. दुसऱ्याचं असेल आणि त्याने सोर्स पडताळून घेतला असेल, तर इथरस्कॅन या साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पत्त्याच्या ‘कॉन्ट्रॅक्ट’ टॅबमध्ये मिळतो.

पण अख्खा एबीआय लागतोच असं नाही. सॉलिडिटीत, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत, फंक्शन जसं जाहीर करतात तशीच ओळ मजकूर म्हणून दिली तरी इथर्स ती समजून घेतं. शिल्लक बघायची असेल तर ‘बॅलन्सऑफ’ची एक ओळ पुरे. मी स्वतः शक्यतो असंच लिहितो: कोड वाचणाऱ्याला कॉन्ट्रॅक्टकडून नेमकं काय हवं आहे ते तिथल्या तिथे दिसतं. फक्त ‘व्ह्यू’ आणि ‘रिटर्न्स’ हे शब्द गाळू नका. ‘व्ह्यू’ गाळलात तर इथर्सला ते लिहायचं फंक्शन वाटतं आणि साधी शिल्लक बघायला गेलात तरी ते ट्रान्झॅक्शन पाठवायला निघतं.

७. नुसतं वाचायला पैसे किंवा वॉलेट लागतं का?

दोन्ही लागत नाही. वाचताना एकच नोड तुमच्यासाठी हिशेब करून उत्तर देतो, साखळीवर काही नोंदलं जात नाही. म्हणून वेबसाइट उघडल्या उघडल्या ‘वॉलेट जोडा’ म्हणून माणसाला अडवू नका. साधा ‘जेसनआरपीसीप्रोव्हायडर’ वाचायला पुरतो. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांच्या नोंदी पॉलिगॉनवर ठेवण्याचा प्रकल्प जाहीर झाला होता. अशा कामात दाखला तपासणारा कारकून किंवा कॉलेजचा प्रवेश विभाग वॉलेट घेऊन बसेल ही अपेक्षाच चूक. पडताळणी फुकट आणि विनावॉलेट होते, हेच तर त्यातलं खरं बळ आहे.

मर्यादा आरपीसी पुरवणाऱ्याची असते, दर सेकंदाला ठरावीक विनंत्या. आणि जुन्या ब्लॉकच्या वेळची स्थिती हवी असेल तर आर्काइव्ह नोड लागतो; साधे नोड जुनी स्थिती ठेवत नाहीत.

८. रक्कम कधी अफाट मोठी दिसते, कधी शून्य. नक्की चुकतं कुठे?

कॉन्ट्रॅक्टला अपूर्णांक ठाऊक नसतात. एक इथर म्हणजे १ वर १८ शून्यं एवढे वेई, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळा हिशेब वेईतच चालतो. टोकनचं तसंच, पण दशांश स्थळं टोकनागणिक वेगळी: डाय या टोकनची १८, मेननेटवर (इथेरियमच्या खऱ्या नेटवर्कवर) यूएसडीसी आणि यूएसडीटीची ६. म्हणून २५ यूएसडीसी म्हणजे २,५०,००,०००. हे रूपांतर ‘पार्सयुनिट्स’ने करा आणि दाखवताना ‘फॉरमॅटयुनिट्स’ने उलटं फिरवा. दशांश स्थळं मनाने न लिहिता टोकनच्या ‘डेसिमल्स’ फंक्शनलाच विचारा. तेच टोकन दुसऱ्या नेटवर्कवर वेगळी स्थळं घेऊन बसलेलं असू शकतं.

६ च्या जागी १८ धरले तर? ट्रान्सफर शिल्लक अपुरी म्हणून उलटेल, म्हणजे फसून रद्द होईल, आणि पैसे वाचतील. पण ‘अप्रूव्ह’ (दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला तुमची टोकन उचलायची परवानगी देणारं फंक्शन) उलटणार नाही, कारण परवानगी देताना शिल्लक तपासली जात नाही. तुम्हाला वाटेल २५ यूएसडीसीची परवानगी दिली, प्रत्यक्षात दिली असेल २५ लाख कोटींची. त्या खात्यात पुढे जे काही येईल ते सगळं त्या कॉन्ट्रॅक्टच्या हातात.

जावास्क्रिप्टच्या साध्या ‘नंबर’मध्ये वेई ठेवू नका. त्याची बिनचूक मजल ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंत, म्हणजे वेईत मोजली तर ०.०१ इथरसुद्धा भरत नाही. ‘पार्सयुनिट्स’ला रक्कम मजकूर म्हणून द्या, आणि पुढची गणितं बिगइंटमध्येच ठेवा. बिगइंट आणि साधा नंबर यांची बेरीज केली की जावास्क्रिप्ट एरर देतं, आणि बिगइंट असलेलं ऑब्जेक्ट ‘जेसन-स्ट्रिंगिफाय’मधून जात नाही, आधी त्याचा मजकूर करून घ्या.

९. ट्रान्झॅक्शनचा हॅश मिळाला, म्हणजे काम झालं ना?

नाही. हॅश मिळणं म्हणजे नोडने अर्ज स्वीकारणं. ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जायचं असतं, आणि ब्लॉकमध्ये गेल्यावरही ते उलटू शकतं. म्हणून हातात आलेल्या ऑब्जेक्टवर ‘वेट’ बोलवा आणि पावतीची वाट बघा. ट्रान्झॅक्शन उलटलं असेल तर ‘वेट’ एरर देतं, तेव्हा ते ‘ट्राय-कॅच’मध्ये ठेवा. ‘पेमेंट यशस्वी’ हा संदेश हॅश मिळाल्यावर दाखवणारी संकेतस्थळं माणसांना खोटं सांगतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम प्रूफ ऑफ स्टेक या ब्लॉक बनवायच्या पद्धतीवर गेल्यापासून ब्लॉकसाठी १२ सेकंदांचा स्लॉट ठरलेला आहे. ब्लॉक कायमचा पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. चहाच्या पैशांसाठी एका ब्लॉकची पुष्टी पुरे. मोठी रक्कम असेल तर माल हातातून सोडण्याआधी तेवढं थांबा.

१०. फंक्शन एक आकडा परत करतं, पण मला तो मिळतच नाही. मिळतो तो ट्रान्झॅक्शनचा ऑब्जेक्ट.

लिहिणाऱ्या फंक्शनने परत केलेली किंमत साखळीबाहेर येत नाही. नवा टोकन आयडी वगैरे हवा असेल तर कॉन्ट्रॅक्टने तो इव्हेंटमध्ये, म्हणजे साखळीवर राहणाऱ्या नोंदीत, सोडायला हवा. मग ‘वेट’नंतरच्या पावतीतल्या लॉग्समधून तो काढता येतो. कॉन्ट्रॅक्ट तुमचं असेल तर ते डिप्लॉय करण्याआधीच, म्हणजे साखळीवर चढवण्याआधीच, त्यात इव्हेंट घाला.

११. खरोखर पाठवण्याआधी ते चालेल की नाही हे बघता येतं का? फसलं तर गॅस परत मिळतो का?

फसलं तरी तोवर खर्च झालेला गॅस जातोच. नोडनी काम केलेलं असतं, त्याचा तो मोबदला. म्हणूनच आधी बघून घ्या: त्याच फंक्शनपुढे ‘स्टॅटिककॉल’ लावलं की नोड सगळं करून दाखवतो पण नोंदवत नाही. गॅसचा अंदाज हवा असेल तर ‘एस्टिमेटगॅस’.

इथे एक खाच आहे. प्रोव्हायडरवरून ‘स्टॅटिककॉल’ केलात आणि ‘फ्रॉम’ दिला नाहीत, तर कॉन्ट्रॅक्टला पाठवणारा म्हणून तुमचा पत्ता दिसत नाही. मग ‘फक्त मालकालाच परवानगी’ अशी अट असलेलं फंक्शन चाचणीत उलटतं आणि तुम्ही कारण शोधत बसता. चाचणी त्याच सायनरवरून करा. आणि चाचणी पास झाली तरी मधल्या काही सेकंदांत दुसऱ्या कुणाच्या ट्रान्झॅक्शनमुळे स्थिती बदलू शकते. स्वॅपसारख्या (टोकनच्या अदलाबदलीच्या) व्यवहारात किमान किती मिळायलाच हवं ती मर्यादा घातल्याशिवाय पाठवू नका.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. नुसता इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. दर १० ग्वेई (१ ग्वेई म्हणजे १०० कोटी वेई) असेल तर ०.०००२१ इथर. ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून दराचे दोन भाग झाले: मूळ शुल्क, जे जाळलं जातं, आणि ब्लॉक बनवणाऱ्या व्हॅलिडेटरला जाणारी टिप. हे दोन्ही इथर्स स्वतःच भरतं. सवय होईपर्यंत त्यात हात घालू नका.

१२. ‘कुड नॉट डिकोड रिझल्ट डेटा’ हा एरर येतो आणि किंमत रिकामी दिसते. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. त्याचा अर्थ, तुम्ही विचारलंत आणि समोरून शून्य बाइट्स आले. आधी त्या पत्त्यावर प्रोव्हायडरचं ‘गेटकोड’ बोलवा. उत्तर नुसतं ‘शून्य-एक्स’ आलं तर तिथे कॉन्ट्रॅक्टच नाही. मग बघा: वॉलेट मेननेटवर आणि पत्ता सेपोलियावरचा, असं तर झालं नाही? स्थानिक हार्डहॅट नोड पुन्हा सुरू केलात आणि कॉन्ट्रॅक्ट नव्याने डिप्लॉय करायचं राहिलं? कॉन्ट्रॅक्टच्या जागी एखाद्या वॉलेटचा पत्ता चिकटवलात?

कोड सापडला, तरी एरर कायम असेल तर संशय एबीआयवर. तुम्ही विचारलेलं फंक्शन त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नसेल, किंवा परत येणाऱ्या किमतीचा प्रकार वेगळा लिहिला असेल (याचे नमुने प्रश्न १८ मध्ये). लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करून यातलं काहीही सुटत नाही, त्यात संध्याकाळ घालवू नका.

१३. इथरस्कॅनवरून घेतलेल्या एबीआयमध्ये मला हवं ते फंक्शनच नाही.

ते कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी असणार. प्रॉक्सीत डेटा आणि पैसे असतात, तर्क दुसऱ्या पत्त्यावरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतो; यूएसडीसीची रचना अशीच आहे. पत्ता प्रॉक्सीचा ठेवा आणि एबीआय आतल्या कॉन्ट्रॅक्टचा घ्या. उलट केलंत, म्हणजे आतल्या पत्त्याला विचारलंत, तर एरर येणार नाही पण शिल्लक शून्य दिसेल, आणि ते एररपेक्षा वाईट.

१४. ‘एक्झिक्यूशन रिव्हर्टेड, अननोन कस्टम एरर’ एवढंच येतं. कारण कसं कळणार?

सॉलिडिटी ०.८.४ पासून कॉन्ट्रॅक्ट स्वतःचे नाव दिलेले एरर फेकू शकतं. त्यातून फक्त ४ बाइट्सची ओळख आणि असल्यास पॅरामीटर्स येतात, नाव येत नाही. एबीआयमध्ये त्या एररची ओळ असेल तरच इथर्स नाव सांगू शकतं. प्रश्न ६ मधल्यासारखा छोटा एबीआय लिहिलात तर एररच्या ओळीही त्यात घाला. एरर तुमच्या कॉन्ट्रॅक्टने बोलावलेल्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमधला असेल, तर ओळ त्याच्या एबीआयमधून आणावी लागते.

१५. एकाच नावाची दोन फंक्शन्स असतील तर?

ईआरसी-७२१ या एनएफटीच्या प्रमाणातल्या ‘सेफट्रान्सफरफ्रॉम’ची दोन रूपं आहेत, एक तीन पॅरामीटर्सचं, दुसरं चारचं. अशा वेळी चौकटी कंसात फंक्शनचं पूर्ण रूप, पॅरामीटर्सच्या प्रकारांसकट, मजकूर म्हणून द्या.

१६. जुने इव्हेंट काढताना आरपीसी नकार देतो, आणि चालू इव्हेंट मधूनच येईनासे होतात.

‘क्वेरीफिल्टर’ला पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची रेंज दिलीत तर बहुतेक पुरवठादार नाहीच म्हणतील. कॉन्ट्रॅक्ट ज्या ब्लॉकमध्ये डिप्लॉय झालं तिथून सुरू करा आणि तुकडे पाडून मागा. चालू इव्हेंटसाठी वेबसॉकेट वापरत असाल तर जोडणी गुपचूप तुटू शकते. हिशेबाला लागणारी कोणतीही गोष्ट नुसत्या श्रोत्यावर (इव्हेंटची वाट बघत बसलेल्या लिसनरवर) सोडू नका: शेवटचा वाचलेला ब्लॉक डेटाबेसमध्ये ठेवा आणि दर थोड्या वेळाने तिथून पुढचं पुन्हा मागवा. पक्क्या न झालेल्या ब्लॉकमधले इव्हेंट (प्रश्न ९) क्वचित नाहीसेही होतात.

‘इंडेक्स्ड’ म्हणून जाहीर केलेला मजकूर इव्हेंटमधून परत वाचता येत नाही, तिथे फक्त त्याचा हॅश असतो.

१७. एक ट्रान्झॅक्शन अडकलं आणि त्यामागची सगळी थांबली. आता?

प्रत्येक खात्याच्या ट्रान्झॅक्शनला ओळीने नॉन्स, म्हणजे क्रमांक, असतो. बँकेतल्या टोकनसारखं समजा: ७ नंबर झाल्याशिवाय ८ आणि ९ ला खिडकी उघडत नाही. अडकलेल्याचाच नॉन्स देऊन नवं ट्रान्झॅक्शन पाठवा, पण शुल्क वाढवून. गेथ हे सॉफ्टवेअर चालवणारा नोड किमान १० टक्के वाढ मागतो, नाहीतर ‘रिप्लेसमेंट अंडरप्राइस्ड’ येतो. रद्दच करायचं असेल तर त्याच नॉन्सने स्वतःलाच शून्य इथर पाठवा. जुन्या ट्रान्झॅक्शनवर ‘वेट’ चालू असेल तर त्याला ‘ट्रान्झॅक्शन रिप्लेस्ड’ एरर मिळेल. ते अपयशच असेल असं नाही. नुसतं शुल्क वाढवलेलं असेल तर काम झालेलंही असतं. एररमधलं ‘रीझन’ वाचा.

सर्व्हरवर एकाच खात्यातून भराभर पाठवत असाल तर ‘नॉन्समॅनेजर’ वापरा. एकच खातं दोन सर्व्हरवरून मात्र चालवू नका.

१८. सगळं प्रमाणाप्रमाणे लिहिलंय, तरी ठरावीक टोकनच त्रास देतात.

कारण ती टोकन स्वतःच प्रमाणाबाहेर आहेत. मेननेटवरच्या यूएसडीटीचं ‘ट्रान्सफर’ काहीच परत करत नाही, तर ईआरसी-२० या टोकनच्या प्रमाणाप्रमाणे ‘बूल’ (खरं किंवा खोटं) यायला हवा. त्यामुळे नेहमीच्या एबीआयने ‘स्टॅटिककॉल’ केलात तर प्रश्न १२ मधला एरर येतो, प्रत्यक्ष पाठवलंत तर मात्र व्यवस्थित जातं. यूएसडीटीसाठी ‘रिटर्न्स’ नसलेली ओळ वेगळी ठेवा. त्याचीच दुसरी अट: आधीची परवानगी शिल्लक असताना नवी देता येत नाही, आधी शून्य करा, मग नवी द्या.

मेकरच्या एमकेआर टोकनचं ‘सिंबल’ मजकुराऐवजी ३२ बाइट्स देतं, ‘डिकोडबाइट्स३२स्ट्रिंग’ने उलगडा. लिडोच्या एसटीइथची शिल्लक ट्रान्सफर न होताही बदलते, आणि पाठवलेल्यापेक्षा एखादा वेई कमी पोचू शकतो. अशा टोकनसाठी पाठवलेला आकडा खरा धरू नका, घेणाऱ्याची आधीची आणि नंतरची शिल्लक वजा करा.

१९. प्रायव्हेट की कुठे ठेवू? ‘एनव्ह’ फाइल पुरेशी आहे का?

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये की कधीच नको. ‘व्हीट’ किंवा ‘नेक्स्ट पब्लिक’ हे उपसर्ग लावलेले व्हेरिएबल्स थेट बंडलमध्ये जातात. कुणीही सोर्स उघडून ते वाचू शकतो. तिथे सही वापरणाऱ्याच्या वॉलेटनेच करायची. सर्व्हरवर चाचणीच्या खात्यासाठी ‘एनव्ह’ फाइल चालेल, फक्त ती गिटमध्ये जाता कामा नये. एकदा गेली तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते; खातंच बदला. खऱ्या पैशांसाठी की मॅनेजमेंट सेवा किंवा हार्डवेअर वॉलेट घ्या. हार्डहॅटच्या तयार २० खात्यांच्या की जगजाहीर आहेत, मेननेटवर त्यांत पैसे टाकलेत की बॉट ते लगेच उचलतात.

पॅकेजेसवरही लक्ष ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’सारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनपीएम पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्यांत ब्राउझरमधल्या वॉलेट व्यवहारांचे पत्ते बदलणारा कोड घुसवला गेला होता. लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, बिल्डसाठी ‘एनपीएम सीआय’ वापरा, आणि नवी आवृत्ती आल्या दिवशीच उचलू नका. सही करताना वॉलेटच्या पडद्यावर दिसणारा पत्ता शेवटच्या चार अक्षरांवर न भागवता पूर्ण ताडून बघायला वापरणाऱ्यांना सांगा, कारण सुरुवात आणि शेवट जुळणारे पत्ते मुद्दाम तयार केले जातात.